घाटमाथ्यावरच्या घरात राहायला जाताना आधी पाणी बघा, फर्निचर मग

मुंबईच्या फ्लॅटमध्ये टाकी, पंप, ड्रेनेज सगळं सोसायटी बघते. लोणावळ्याला किंवा महाबळेश्वरला स्वतःचं घर घेतलं की ते आपल्या गळ्यात पडतं. शिफ्टिंग मार्च-एप्रिलमध्येच उरका, म्हणजे मृगाआधी दुरुस्तीला गवंडी मिळतो. जूनमध्ये तो फोनसुद्धा उचलत नाही.

पहिला हिशेब टाकीचा. माणशी रोजचं 135 लिटर धरलं तर चौघांना 540 लिटर लागतं. 1000 लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको. टाकीचं झाकण तारेने बांधा, माकडं ते सहज उघडतात.

मग छप्पर. कौलारू असेल तर त्याच मापाची वीस-पंचवीस कौलं जास्तीची आणून ठेवा. पन्हळीतला पालापाचोळा काढून वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. ते खालच्या पाइपातून धो धो न येता मध्येच सांडलं, तर पावसाळ्यात तिथलीच भिंत भिजणार.

घरामागे डोंगर कापून दगडी किंवा काँक्रीटची भिंत घातली असेल, तर तिच्यातली पाणी जायची भोकं मोजून मोकळी करा. त्यातून घाण येते म्हणून काही जण ती सिमेंटने बुजवतात. मग मागच्या मातीत पाणी साठतं, दाब वाढतो आणि भिंत पोटातून फुगते. पावसात उतारावर नवी भेग पडली, झाडं कलली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर सामान आवरत बसू नका; घर सोडा.

भिंतीला ओल दिसली की लगेच रंगारी बोलावू नका. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते. बाहेरचं प्लास्टर, पाइप तपासा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. खिडक्या उघडल्या, पंखा लावला की भागतं. ओल्या भिंतीवर रंग दिला की पोपडे आलेच.

कपाटं भिंतीपासून चार-सहा इंच सोडून लावा. बाहेरच्या भिंतीला प्लायवूडचं कपाट टेकवलं तर मागून बुरशी धरते, आणि ती दिसते तेव्हा साड्यांना वास लागलेला असतो. गाद्या जमिनीवर नकोतच.

इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवा. ओल्या भिंतीतून करंट उतरतो. विजा चमकू लागल्या की टीव्ही, राउटरचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर घेताना त्यावर फ्रिज-गीझर धरू नका. दिवे, पंखे, राउटर एवढंच.

बाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी झटका. लाकडं आणि विटांचे ढीग भिंतीला लागून रचू नका, त्यात साप राहतो. सर्पमित्राचा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. साप चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं काही नको. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठा.