मातीतला सेंद्रिय कर्ब मोजताना या चुका टाळा

शेतजमिनीतल्या सेंद्रिय कर्बावर प्रयोग मांडायचा असेल, तर आधी कागदावर एक गणित करा. एका हेक्टरचा वरचा 15 सेंमी थर, मातीची स्थूल घनता दर घन सेंमीला 1.3 ग्रॅम, म्हणजे माती भरते 1950 टन. शेणखत, पिकांचे अवशेष, आच्छादन या सगळ्यांतून वर्षाला 300 किलो कर्ब जमिनीत टिकला असे धरू. टक्केवारीत ही वाढ होते जेमतेम 0.015.

आता वॉकली-ब्लॅक पद्धतीकडे या. हिच्यात मातीतला कर्ब डायक्रोमेटने ऑक्सिडाइझ करतात आणि उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करून मोजतात. 1 ग्रॅम माती घेतली आणि ब्लँकला (माती न घालता केलेल्या तपासणीला) 20 मिली फेरस अमोनियम सल्फेट लागले, तर ब्यूरेटवरच्या 0.1 मिली फरकाने उत्तर 0.015 टक्क्यानेच बदलते. हा फरक म्हणजे साधारण दोन थेंब. वर्षभराची कमाई दोन थेंबांत मावत असेल, तर शेतातला नमुना, चाळणी, घनता, टायट्रेशन यांतली कुठलीही ढिलाई ती सहज गिळून टाकते. म्हणून एका वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांवरून कर्ब वाढला किंवा घटला असे म्हणू नये. पाच वर्षांत फरक 0.075 टक्क्यापर्यंत जातो, तेव्हा कुठे बोलायला जागा होते. तीही काम स्वच्छ असेल तरच.

टक्केवारीलाच साठा समजणे

सर्वात जास्त निष्कर्ष इथे बिघडतात. साठ्याचे सूत्र सोपे आहे: कर्बाची टक्केवारी × स्थूल घनता × थराची खोली सेंमीमध्ये, उत्तर हेक्टरी टनांत येते. 0.6 × 1.3 × 15 म्हणजे 11.7 टन. यातली घनता बरेचदा मोजलेलीच नसते. जुन्या अहवालातला आकडा उचलून सगळ्या प्लॉटना लावला जातो.

याचा परिणाम पाहा. नांगरलेल्या प्लॉटची घनता 1.20 आणि शून्य मशागतीच्या प्लॉटची 1.35 आहे. कर्ब दोन्हीकडे 0.6 टक्केच. 15 सेंमीपर्यंतचा साठा पहिल्यात 10.8 टन येतो, दुसऱ्यात 12.15 टन. 1.35 टनांची ही वाढ निव्वळ माती दबल्यामुळे दिसते, जमिनीत कर्बाचा एक कणही वाढलेला नाही. उलट, सगळीकडे एकच घनता लावली तर खरा फरक असला तरी झाकला जातो.

उपाय म्हणजे समान वजनाच्या मातीची तुलना. पहिल्या प्लॉटमध्ये हेक्टरी 1800 टन माती आहे, तर दुसऱ्यातलीही 1800 टनच धरायची. तेवढी माती तिथे 13.3 सेंमीतच भरते. हे नंतर करता यावे म्हणून नमुना थराथरांनी घ्यावा लागतो: 0–15, 15–30 आणि खाली आणखी किमान 10 सेंमी. फक्त वरचा थर घेऊन ठेवला असेल तर पुढे कुठलीही दुरुस्ती शक्य नसते. शून्य मशागतीत अवशेष वरच राहतात आणि नांगरटीत ते खाली गाडले जातात. त्यामुळे केवळ 15 सेंमीवर थांबणारा प्रयोग शून्य मशागतीला फुकटचे गुण देतो. निदान 30 सेंमीपर्यंत जा.

घनता मोजताना काय चुकते? 5 सेंमी व्यासाचे आणि 5 सेंमी उंचीचे कडे असेल तर घनफळ 98 घन सेंमी होते. ते हातोड्याने थेट ठोकले की आत माती दबते. वर लाकडी ठोकळा ठेवा आणि कडे आत गेल्यावर आतल्या मातीची पातळी बाहेरच्या पातळीशी जुळवून पाहा. खाली गेलेली दिसली तर तो नमुना टाकून द्या. माती 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून वजन करा. मशागत झाल्या झाल्या किंवा ओल्या गाळात घनता घेऊ नये, वाफसा असताना घ्यावी. फुगणाऱ्या आणि भेगाळणाऱ्या चिकणमातीच्या जमिनीत हे जास्तच पाळावे लागते. तिथे ओलावा बदलला की घनता बदलते, म्हणून घनतेच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळचा ओलावाही लिहा.

खडकाळ जमिनीत आणखी एक सापळा आहे. 2 मिमीपेक्षा मोठे खडे वगळून फक्त बारीक मातीचे वजन कड्याच्या पूर्ण घनफळाने भागले असेल, तर खड्यांची वजावट तिथेच झाली. सूत्रात पुन्हा खड्यांचे प्रमाण वजा केले की साठा विनाकारण घटतो. अशी दुहेरी वजावट छापील लेखांतही आढळते.

गिरमिट कुठे लावले, काड कुठे गेले

बांधाजवळ, झाडाखाली, खताचा ढीग होता तिथे किंवा पाण्याच्या पाटाकाठी नमुना घेऊ नये, हे सगळ्यांना पाठ असते. खरी चूक दुसऱ्या फेरीत होते: पाच वर्षांनी नमुने वेगळ्या हंगामात आणि वेगळ्या जागांवरून घेतले जातात. जागांची नोंद ठेवा. जुन्या भोकापासून एक-दोन मीटरवर, त्याच पिकानंतर, त्याच महिन्यात नमुना घ्या. एका प्लॉटमधून 15–20 ठिकाणची माती एकत्र करून चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) अर्धा किलो ठेवली तरी तो एकच नमुना असतो. त्याच पिशवीतून चार वेळा तपासणी केली म्हणजे चार पुनरावृत्ती झाल्या असे नाही. पुनरावृत्ती मोजायची ती स्वतंत्र प्लॉटची.

मग काड. 10 ग्रॅम मातीत 50 मिलिग्रॅम काड राहून खलात दळले गेले, तर काडात 40 टक्के कर्ब धरून 20 मिलिग्रॅम कर्ब वाढतो, म्हणजेच 0.2 टक्के. तेरा वर्षांची कमाई एका काडीत! 2 मिमी चाळणीनंतर दिसणारी मुळे आणि काड्या चिमट्याने वेचा आणि दर नमुन्याला तेवढाच वेळ द्या. एकाने दोन मिनिटे वेचले आणि दुसऱ्याने वीस, तर दिसणारा फरक माणसांचा असतो.

वॉकली-ब्लॅक: लक्षण आणि कारण

ही पद्धत 1934 पासून वापरात आहे. 10 मिली एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, 20 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, 30 मिनिटे विसावा, मग पाणी आणि फॉस्फोरिक आम्ल घालून टायट्रेशन. कृती सोपी वाटते, पण अडते ते ठरावीक ठिकाणी.

टायट्रेशनआधीच द्रावण हिरवे दिसले, तर डायक्रोमेट जवळजवळ संपले आहे आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येणार. माती अर्धा किंवा पाव ग्रॅम घेऊन पुन्हा करा.

सगळीच उत्तरे थोडी कमी येत असतील तर आम्ल कसे घातले ते पाहा. या पद्धतीला बाहेरून उष्णता देत नाहीत. आम्ल आणि पाण्याचे द्रावण मिसळताना निर्माण होणारी उष्णताच काम करते. आम्ल थेंबथेंब घातले किंवा फ्लास्क थंड फरशीवर ठेवला की तापमान पुरेसे चढत नाही. आम्ल झटकन घाला आणि फ्लास्क उष्णतारोधक पत्र्यावर ठेवा.

ब्लँक रोज बदलत असेल तर घाबरू नका. फेरस अमोनियम सल्फेटचे हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होतेच. चूक असते ती सोमवारचा ब्लँक गुरुवारच्या नमुन्यांना लावण्यात. प्रत्येक तुकडीबरोबर नवा ब्लँक आणि कर्ब माहीत असलेला एक ठेवणीतला नमुना चालवा.

क्षारयुक्त जमिनीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो, त्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. पाणथळ मातीतले फेरस लोहही आकडा वाढवते, म्हणून माती हवेत पुरती वाळवून घ्या. मँगनीज ऑक्साइड नेमके उलटे करतात.

राहिला गुणक. ही पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, सरासरी 76–77 टक्केच पकडते, म्हणून 1.3 ने गुणतात. काही प्रयोगशाळा गुणतात, काही नाही. जुना अहवाल न गुणलेला आणि नवा गुणलेला असेल तर कर्ब एका रात्रीत 30 टक्क्यांनी वाढतो. कर्बावरून सेंद्रिय पदार्थ काढण्याचा 1.724 हा गुणक वेगळा. दोन्ही कुठे लावले ते तक्त्याखाली लिहा.

यंत्र चांगले, माती चुनखडीची

कोरड्या ज्वलनाचे यंत्र अचूक असते, पण ते एकूण कर्ब देते. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 12 टक्के कर्ब असतो. 5 टक्के चुनखडी असलेल्या मातीत त्यातूनच 0.6 टक्के कर्ब येतो, म्हणजे अनेक शेतांच्या सेंद्रिय कर्बाएवढा. चाळलेल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फेस आला तर एक तर चुनखडी वेगळी मोजून वजा करा, नाही तर आम्लाच्या वाफेने ती आधी घालवा. वाफेसाठी कुपी चांदीची हवी, कथलाची कुपी आम्लाने खाल्ली जाते.

नत्र आणि स्फुरद

कर्बाबरोबर नत्राचे चक्र अभ्यासणारे बरेच जण कर्बासाठी वाळवलेल्या मातीतच नायट्रेट आणि अमोनियम मोजतात. वाळताना सूक्ष्मजीव मरतात आणि अमोनियम वाढते. खनिज नत्रासाठी ताजी माती बर्फात आणून शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत दोन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये घुसळा. कोरड्या वजनाच्या 20 टक्के ओलावा असलेल्या 10 ग्रॅम मातीत कोरडी माती 8.33 ग्रॅमच असते, ही दुरुस्ती विसरू नका. ब्लँकमध्येच अमोनियम दिसले तर संशय गाळणकागदावर घ्या आणि कागद आधी त्याच द्रावणाने धुऊन घ्या.

स्फुरदासाठी ऑल्सेन द्रावणाचा (सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाचा) सामू 8.5 हवा. उघड्या बाटलीत तो चढतो, म्हणून वापरण्याच्या दिवशी तपासा. खोलीच्या तापमानाबरोबर आकडाही वर जातो. आणि तक्त्यात स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात दिला की फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या, हे लिहा, कारण दोघांत 2.29 पटीचा फरक आहे.

डबा ठेवा

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला 1843 पासून दीर्घकालीन प्रयोग चालू आहेत आणि तिथले जुने मातीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. छोट्या प्रयोगालाही हे जमते. हवेत वाळवलेली 200 ग्रॅम माती झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लॉट, थर, तारीख आणि पीक यांची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका आणि तेच बाहेरही लिहा. पाच वर्षांनी जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच द्रावणाने, शेजारी शेजारी तपासा, म्हणजे गुणक, ब्लँक आणि तपासणारा हात यांचा फरक गळून पडतो. कर्ब आणि एकूण नत्रासाठी हा डबा चालतो, नायट्रेटसाठी नाही.