आंब्याला मॉडेल लावताय? या चुका टाळा

दर सीझनला हेच बघतोय. कुणीतरी चार पेट्या हापूस आणतं, दोन दिवसांत एनआयआरची रीडिंगं घेतं (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सालीतून आत सोडायचा आणि परत काय येतं ते मोजायचं), त्यावर मॉडेल (रीडिंगवरून आंबा कसा आहे ते ओळखणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) ट्रेन करतं, म्हणजे शिकवतं, आणि म्हणतं ९८ टक्के बरोबर आलं. खऱ्या मालावर लावलं की झोपतं.

सगळ्यात महाग पडलेली चूक तापमानाची. एका कॅनिंगवाल्यांकडे साका पकडायचं काम होतं, म्हणजे पल्पला जायच्या आधीच साक्याचा आंबा बाजूला काढायचा. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच बाठ्याजवळ पांढरट स्पंजासारखा गर सापडतो. आम्ही चांगली फळं सकाळी आढीच्या थंड खोलीत मोजली आणि ज्या बागेत साका जास्त निघत होता तिचा माल दुपारी टेम्पोतून आला, तो पत्र्याच्या शेडमधेच मोजून कापला. मॉडेल एकदम झकास. पहिल्याच दिवशी दुपारचा अख्खा टेम्पो त्याने साका म्हणून रिजेक्ट केला, बागायतदार दारात उभा, मग आम्ही चाळीस फळं त्याच्यासमोर कापली तर सदतीस स्वच्छ केशरी. त्याचा चेहरा अजून आठवतो. झालं असं की आंब्यात मुख्यतः पाणीच, आणि पाणी जिथे प्रकाश शोषतं तो ९७० नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो, मॉडेल साका नाही, गरम आंबा शिकलं होतं. तेव्हापासून मी सगळा माल मिसळून रात्रभर एका खोलीत ठेवतो, सकाळी मोजतो, मग त्यातलीच काही फळं मुद्दाम उन्हात तापवून परत मोजतो, आणि कापायच्या आधी प्रत्येकात थर्मामीटर खुपसून आकडा लिहितो. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक, एकाच फळाची चार बाजूंची चार रीडिंगं घ्यायची आणि सगळी पिसून ट्रेन-टेस्ट करायची, म्हणजे काहींवर शिकवायचं आणि उरलेल्यांवर तपासायचं. तोच आंबा दोन्हीकडे, मग ९८ येणारच ना! वेगळी बाग टेस्टला ठेवा, जमलं तर वेगळा सीझन. एका सीझनच्या डेटावर प्रॉडक्ट विकायला निघू नका, पाऊस लवकर आला की सगळं बदलतं.

मशीनच्या भिंगावर चीक बसतो, ओल्या फडक्याने पुसा आणि पांढऱ्या टाइलचं रीडिंग (ज्याच्याशी फळाचं रीडिंग ताडायचं ते) दर पंचवीस फळांनंतर परत घ्या.

शंभरात दहा साक्याचे असतील तर "सगळे चांगले" म्हणणारं मॉडेलसुद्धा ९० टक्के बरोबर असतं. त्या दहातले किती पकडले ते सांगा.

पेटीवर देवगड छापलंय म्हणून लेबल देवगड लावू नका. २०१८ ला हापूसला जीआय (माल कुठल्या भागातला ते सांगणारं सरकारी मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, आणि कर्नाटकचा माल देवगडच्या पेटीत भरतात, हीच तर फसवणूक आपल्याला पकडायचीय. खोट्या पेटीवर शिकलेलं मॉडेल ती कशी पकडणार? मी बागेत स्वतः उभं राहून तोडलेलाच चौदा आणे (जवळजवळ पूर्ण जून झालेला) माल घेतो, मार्केटमधला ट्रेनिंगला कधीच नाही.

आणि फोटोतला पिवळा रंग बघून कार्बाइड ओळखतो असं कृपा करून म्हणू नका. कार्बाइडला बंदी आहे पण पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखात शंभर भाग) इथिलीन गॅस चालतो, रंग दोन्हीने येतो, आणि तुमच्या ॲपने लाल खूण दाखवली की रस्त्याकडेच्या स्टॉलवाल्या मावशीचा दिवसभराचा धंदा बसतो. संशय आला तर सॅम्पल लॅबला द्या, रिपोर्ट येईपर्यंत स्क्रीनवर फक्त "तपासा" एवढंच दाखवा.