कुकर आणा, कुकरमधली डाळ नको

ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलामुलींचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न थंडीच्या जाकिटाचा असतो, दुसरा प्रेशर कुकरचा. कुकर खुशाल आणा. पण जागा वाया जायला नको म्हणून आईने त्याच्या पोटात तूरडाळ भरली असेल, तर ती घरीच काढून ठेवा.

डाळीवर इथे एवढा डोळा का, तर खपरा. हा साठवलेल्या धान्यातला भुंगेरा. नाव आपल्याकडचंच, किडाही मूळचा आपल्याच उपखंडातला, आकाराने दोन-तीन मिलिमीटर. त्याची अळी खायला काही नसताना फटीत दडून वर्षानुवर्षं तग धरते. हा देश गहू निर्यात करून पैसा कमावतो. गोदामांत खपरा शिरला, तर गिऱ्हाईक देश दारं लावून घेतील. म्हणून ऑक्टोबर २०२० पासून तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, चवळी, शेंगदाणे, जिरे, धणे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या प्रवाशाच्या सामानातून किंवा टपालाने आणायला बंदी आहे. किलोभर असो की मूठभर, नियम तोच. कारखान्यात भाजून, तळून पाकीटबंद केलेल्या मालाला सूट आहे, पण घरी भाजून डब्यात भरलेले शेंगदाणे त्यात बसत नाहीत. आईला हे पटवणं हेच खरं अवघड काम.

दुधाचंही तसंच, फक्त कारण वेगळं. लाळ्या खुरकूत हा गुरांचा, दुधातूनही पसरू शकणारा रोग आपल्या गोठ्यांना नवीन नाही, इथे मात्र तो १८७२ नंतर आलेला नाही. त्यामुळे पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ले विमानतळावरच राहतात. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यात गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का, असाही प्रश्न असतो. निघण्याआधी गावी जाऊन आला असाल तर खरं सांगा, आणि त्या चपलांचा चिखल आधीच धुऊन टाका.

आता या कार्डाबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. माझ्या पहिल्या फेरीत मी खाण्याच्या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. चिवडा-लाडूला हे लोक ‘अन्न’ म्हणत असतील असं वाटलंच नाही. सामानाच्या पट्ट्याजवळ कुत्रा येऊन माझ्या बॅगेशेजारी शांतपणे बसला, आणि पुढे दोन आठवड्यांच्या घरभाड्याएवढा दंड भरला. काही वर्षांनी आई आली तेव्हा तिच्याकडून प्रत्येक खाद्यपदार्थासाठी ‘हो’ लिहून घेतलं. अधिकाऱ्याने डबे उघडले, गोडा मसाला हुंगला, मिरच्या आणि वाल बाजूला काढले, बाकीचं परत दिलं. वीस मिनिटं गेली, दंड शून्य. नियमच तसा आहे: आणलेलं सगळं कार्डावर जाहीर केलंत, तर बंदीची वस्तू निघाली तरी शिक्षा होत नाही, फक्त वस्तू जाते. लपवलंत तर जागेवरचा दंड हजारो डॉलरपर्यंत चढतो आणि गंभीर प्रकरणात तात्पुरता व्हिसा रद्द होऊ शकतो. विद्यार्थीही त्यात आले. शंका आली की ‘हो’. भाषा अडली तर तिथल्या माणसाला विचारा, पण सही करण्याआधी.

एखाद्या वस्तूबद्दल आधीच बघायचं असेल तर सरकारची बायकॉन नावाची यादी आहे. वस्तूचं नाव टाकलं की अटी दिसतात. राखी पाठवणाऱ्या बहिणीलाही सांगून ठेवा, बिया लावलेली राखी टपालात अडकते.

बाकीचं थोडक्यात. आई-बाबांची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात. नवीन वस्तू मोठ्या माणसामागे ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत करमुक्त. रोख १०,००० डॉलर किंवा जास्त असेल तर जाहीर करायची, न्यायला मनाई नाही. लाकडी देवघर किंवा पाट आणताना त्यावर साल आणि किड्यांची भोकं नाहीत ना, ते बघून घ्या.

देवघरावरून आठवलं, तिकडून निघतानाचेही नियम आहेत आणि ते कुणी सांगत नाही. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पणजीच्या हातचे पितळी देव नेमके कितीचे, यावर घरात वाद असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या किंवा देव तिथेच राहू द्या.

दागिने नेऊन परत आणायचे असतील, म्हणजे आई सहा महिन्यांसाठी पाटल्या-तोडे घालून येणार असेल, तर भारतातून निघताना बॅग देण्याआधी कस्टम्सच्या काउंटरवर निर्यात दाखला मागा. तो असला की परतताना तेच सोनं नवीन खरेदी समजून त्यावर शुल्क मागत नाहीत. यात वेळ जातो, म्हणून त्या दिवशी तासभर लवकर निघा.

आणि तूरडाळ मेलबर्नला डँडेनाँगच्या फॉस्टर स्ट्रीटवर मिळते, सिडनीला हॅरिस पार्कात.