मरून सोडून मोरपिशी: नेलपॉलिशचा नवा कलर लावून बघायचा असेल तर

आमच्या घरी अजून नेलपॉलिशला क्युटेक्सच म्हणतात. ते एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे म्हणून कितीदा सांगितलं तरी आईला पटत नाही. आणि आमच्याकडं क्युटेक्स म्हणजे मरून, लग्न असो की गणपती, मरूनच. गेल्या श्रावणात मोरपिशी खणाचा ब्लाऊज शिवला तेव्हा वाटलं नखं पण मोरपिशी करूया की, म्हणून खडे बाजारात गेले, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान दिसली ती बाटली घेतली, घरी अंगणात येऊन बघते तर सरळ शाईचा निळा. आई म्हणाली, "हे काय गे, दौत सांडली काय बोटांवर?"

तर पहिली गोष्ट हीच, बाटलीतला कलर आणि नखावरचा कलर एक नसतो. सेलोटेपचा पारदर्शक तुकडा घ्या, स्टीलच्या ताटलीवर चिकटवा, वरच्या बाजूला नेलपॉलिशचे दोन पातळ हात मारा, नीट वाळला की अलगद सोलून नखावर चिकटवा. आता दुपारी दारात जाऊन बघा, मग स्वयंपाकघरात, मग रात्री. तिन्हीकडं बरा वाटला तरच दहा बोटांना लावायची मेहनत करा. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघून कलर निवडा असं पण सांगतात, मला त्यात काय दम वाटला नाही.

एकदम उडी नको वाटत असेल तर शेजारचा कलर घ्या. मरूनवालीनं विटकरी, नाहीतर वांगी. फिक्या गुलाबीवालीनं पीच. आणि मोरपिशी, पिवळा, काळा असलं काही मनात असेल तर आधी पायाला लावा, तिथं कुणाचं लक्ष नसतं आणि आपलीही नजर बसते.

गडद कलरच्या खाली बेस कोट, म्हणजे आधी लावायचा पारदर्शक हात, पाहिजेच. मी तो लावला नव्हता, रिमूव्हरनं पुसल्यावर नखं कावीळ झाल्यासारखी पिवळी. खरवडून निघत नाही ते, नखच वाढून जावं लागतं, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला ६ महिने धरा.

लावताना बाटली गदागदा हलवू नका, बुडबुडे येतात, दोन्ही तळव्यांत धरून फिरवा. ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या, मधे एक, बाजूला एकेक, झालं. पहिला हात डागडाग दिसणारच, त्यावरून कलर वाईट आहे असं ठरवू नका. २-३ मिनिटं थांबून दुसरा. निऑन किंवा फिका कलर उठत नसेल तर खाली पांढऱ्याचा एक हात द्या. शेवटी टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक हात, तो नखाच्या टोकावरून पण फिरवायचा, टोकाकडूनच आधी निघायला लागतं.

वाळणं म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे नेलपॉलिश पातळ ठेवणारं द्रव, उडून जाणं. वरून दहा मिनिटांत सुकल्यासारखं वाटतं पण आत तास-दीड तास मऊच असतं, आणि आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर मी दोन तास धरते. त्यामुळं भाकरी थापायच्या आधी लावायला बसू नका, रात्री जेवून भांडी झाल्यावर बसा. गॅसपासून लांब हां, ते पेट घेणारं असतं.

फिक्या कलरचा खरा वैरी हळद. आमटी-भात हातानं खाल्ला की उजव्या हाताची नखं पिवळट, डाव्याची चकचकीत! टॉप कोट दोन दिवसांनी परत मारला तर बराच फरक पडतो, पण रोज स्वयंपाक करणारीनं पांढरा-क्रीम लग्नाकार्यापुरताच ठेवावा असं माझं मत.

लावल्यावर तीन दिवस तरी पुसू नका. पहिल्या दिवशी आपलेच हात दुसऱ्या कुणाचे वाटतात, तिसऱ्या दिवशी विसरून जातो.

बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नका, नेलपॉलिशचं थिनर मिळतं, २-३ थेंब पुरतात. माझी मोरपिशी आता अर्ध्यावर आलीय. मरूनची बाटली आईनं नेली.