'पुट ऑफ' : काम पुढे ढकलले की माणसाला?

इंग्रजी पत्रव्यवहाराच्या किंवा भाषांतराच्या कामात नव्याने आलेल्यांना काळ, प्रयोग, विरामचिन्हे हे सारे येत असते. अडते ते 'पुट ऑफ'सारख्या जोडक्रियापदांपाशी, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो तिथे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच ही क्रियापदे परकीयांना फार जड जातात असे नोंदवून ठेवले आहे, तेव्हा फोर्टातल्या एखाद्या कचेरीत आपण त्यांच्यापुढे चाचपडलो तर लाज वाटण्याचे कारण नाही.

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, पण त्याच्या समानार्थी शब्दांच्या याद्यांवर मात्र विसंबू नये. 'पोस्टपोन' हा सूचनापत्रात शोभणारा शब्द आहे; 'पुट ऑफ' बोलण्यातला आहे आणि त्यात पुष्कळदा नकोशा कामाची चालढकल डोकावते, जशी दातांच्या डॉक्टरकडे जाण्याची. 'डिफर' हा हप्ता, प्रवेश किंवा निर्णय रीतसर लांबणीवर टाकण्यासाठी वापरतात. 'अ‍ॅडजर्न' म्हणजे आपले तहकूब करणे : गृहनिर्माण संस्थेच्या सभेला गणपूर्ती झाली नाही की ती तहकूब होऊन बहुधा अर्ध्या तासाने पुन्हा भरते, तिथे हाच शब्द हवा. लोकल 'डिले' होते, 'पुट ऑफ' होत नाही, कारण 'पुट ऑफ'मागे कोणाचा तरी निर्णय लागतो. वानखेडेवरचा सामना 'कॉल ऑफ' झाला म्हणजे तो रद्दच झाला. याद्यांमध्ये हा शब्द 'पुट ऑफ'च्या शेजारी बसलेला दिसतो, तरी तो पुढे ढकलण्याच्या अर्थाने वापरू नये.

खरा सापळा पुढे आहे आणि मी त्यातच अडकलो. ग्राहकाने भेटीची तारीख पुढे नेली, एवढेच कळवायचे असताना 'द क्लायंट पुट अस ऑफ' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ग्राहकाने आपल्याला काहीतरी सबब सांगून वाटेला लावले असे वाटते. क्रियापदाचे कर्म भेट, परीक्षा, लग्न असे काही असेल, तर अर्थ पुढे ढकलण्याचा. कर्माच्या जागी माणूस आला की अर्थ पालटतो. मग ते माणसाला टोलवणे असू शकते, त्याचे मन उडवणे असू शकते, किंवा, विशेषतः ब्रिटिश बोलण्यात, त्याचे लक्ष विचलित करणेही असू शकते. 'द स्मेल पुट मी ऑफ' यात वासाने कोणतीही तारीख बदललेली नाही, खाण्यावरची वासना उडवली आहे. कर्मणी प्रयोगात हा धोका वाढतो : 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' निर्धोक आहे, पण 'आय वॉज पुट ऑफ बाय द मीटिंग' असे लिहिणाऱ्याने सभेबद्दल नाराजीच नोंदवलेली असते. म्हणून वाक्य लिहून झाले की कर्मावर बोट ठेवावे आणि ते माणूस असेल तर वाक्य मोडून पुन्हा लिहावे. हे मी दोनदा सांगतो आहे असे वाटेल, परंतु व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असल्यामुळे संगणकावरचा तपासनीस बहुधा गप्पच राहतो.

सर्वनामाचा नियम सोपा आहे : 'पुट इट ऑफ' असेच म्हणावे, 'पुट ऑफ इट' नव्हे. पुढे क्रिया आली तर तिला 'इंग' लागतो, 'टू' नाही.

शेकडो जोडक्रियापदे एका सुट्टीत पाठ करून घेणाऱ्या क्लासांवर माझा विश्वास नाही, आणि लाल पेन्सिलीने नुसती खूण करून कागद परत करणाऱ्या वरिष्ठांवर तर त्याहूनही नाही; चुकीच्या शब्दाने वाचणाऱ्याचा काय समज झाला असता, हे जो सांगतो त्याच्याकडे मात्र कितीही बोलणी खाऊन जावे. तोवर कार्यालयीन पत्रात 'पुट ऑफ' लिहूच नका, 'पोस्टपोन्ड टू' लिहून त्यापुढे नवी तारीख टाका, आणि तारीख ठरलेली नसेल तर नवी तारीख कळवू, असे वेगळ्या वाक्यात लिहा.