एलईडी डिमिंगची फ्रिक्वेन्सी ठरवताना

पीडब्ल्यूएम डिमिंगसाठी, म्हणजे एलईडी वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी करण्यासाठी, आधी सर्वात मंद प्रकाश किती हवा ते ठरवा. २०० हर्ट्झला एक आवर्तन ५ मिलिसेकंदांचे, म्हणजे १ टक्का ड्यूटीला (ड्यूटी म्हणजे आवर्तनातला एलईडी चालू असण्याचा वाटा) ५० मायक्रोसेकंदांचा पल्स मिळतो. तेच २० किलोहर्ट्झला नेलेत तर उरतो जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद. एवढ्यात बऱ्याच स्विचिंग ड्रायव्हरांचा (एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटांचा) करंट पुरता चढतही नाही. म्हणून डेटाशीटमधली किमान पल्स-रुंदी आधी बघा. १०० हर्ट्झच्या खाली मात्र जाऊच नका, लुकलुक डोळ्यांना जाणवते. कॅमेऱ्याला २०० हर्ट्झही पुरत नाही, पट्टे दिसतात. चित्रीकरण होणार असेल तर काही किलोहर्ट्झ धरा. त्या फ्रिक्वेन्सीला सिरॅमिक कपॅसिटर गुणगुणू शकतात, आणि शांत खोलीत ते फार छळते.