भीतीच्या वेळी प्रार्थना कशी करावी

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की चर्चच्या मंडळीतील माणसे आपुलकीने सांगतात, "भिऊ नका, विश्वास ठेवा." हेतू चांगलाच असतो, पण पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौद देवालयात (चर्चमध्ये) प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील भाकर व द्राक्षारस, घेऊन घरी आलेल्या माणसाला त्याच रात्री झोप लागली नाही, तर भीतीच्या जोडीला आपला विश्वासच कच्चा असल्याची टोचणीही लागते. म्हणून सुरुवात भीती कबूल करण्यापासून करावी. बायबलमधील ५६व्या स्तोत्रात दावीद राजा भीती नाकारत नाही. भीती वाटेल तेव्हा देवावर भाव ठेवीन, असे तो म्हणतो आणि लगेच पुढच्या वचनात मी भिणार नाही, असेही म्हणतो.

ही कबुली मोघम नसावी. "देवबापा, शांती दे" एवढ्यावर न थांबता नेमके काय भेडसावते ते वहीत लिहावे: बायॉप्सीचा अहवाल, भूल दिल्यावर शुद्धीवर न येण्याची शंका, की घराचे हप्ते कोण फेडणार ही चिंता. लिहिताना पुष्कळदा लक्षात येते की आपण नाव ऑपरेशनचे घेत होतो आणि काळजी हप्त्यांची होती. मग बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो त्याप्रमाणे एकेक ओळ आभारासह देवाला कळवावी. हे पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता.

२३वे स्तोत्र बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ असते आणि पाठ असल्यामुळेच त्यातील एक गोष्ट निसटून जाते. ते सावकाश, मोठ्याने वाचावे. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तेथेच 'तो'चा 'तू' होतो. रात्री तीनला दचकून जाग आली, तर 'देव सांभाळील' असे स्वतःला बजावत पडून राहण्यापेक्षा, "तू आहेस ना?" असे थेट त्यालाच विचारावे. (बायबलमध्ये 'भिऊ नको' हे शब्द बरोबर ३६५ वेळा येतात, असे उपदेशांतून ऐकायला मिळते, मोजले तर तो आकडा भरत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही.)

शरीराकडेही लक्ष द्यावे. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा खायला उठवले. धडधड आणि निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकला, तर डॉक्टरांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. त्यात अविश्वास नाही.

एकट्याने मात्र झुंजू नये. गेथशेमाने बागेत येशूने आपला जीव अति खिन्न झाल्याचे तिघा शिष्यांना सांगितले आणि त्यांना जागे राहण्याची विनंती केली. ते झोपी गेले ही गोष्ट वेगळी, पण मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी दोन विश्वासू माणसांना घरी बोलवावे, 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहातील एखादे गीत मिळून म्हणावे आणि त्यांना आधीच सांगून ठेवावे की उपदेश नको, चहा घेऊन नुसते शेजारी बसा.